टाचणीचं घर आणि बंबवाल्या बाईंचं ‘पण’

टाचणी हे तिला शेजारपाजाऱ्यांनी बहाल केलेलं नाव. एक तर बाई अंगानं तशीच, किडकिडीत आणि टोकदार. दुसरं म्हणजे शिवणकाम करताना ओठांत टाचण्या धरल्याशिवाय तिला सुचायचंच नाही, आणि त्या काढून बोलायला तिला सवड नसायची. “हाऽ वऽ कऽ, पोऽ आऽ घ्या!” असं ती म्हणाली की गिऱ्हाईक निमूट हात वर करून पोट आत घ्यायचं. तिचं घर वस्तीच्या अगदी टोकाला, टेकडीवरच्या जंगलाला पाठ लावून उभं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत नवरा.

नवरा सुतार. त्याला बोलण्याचं वावडं. आखूड “हं” म्हणजे हो, लांबलचक “हंऽऽऽ” म्हणजे नाही, एवढ्यावर त्याचा संसार चालला होता. एक तिसरा “हं”ही त्याच्याकडे होता, वर चढून गिरकी घेणारा. तो टाचणीनं लग्न ठरलं त्या दिवशी ऐकला होता. नंतर कधी नाही.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या टेकडीवरून वणवा उतरला आणि तिकडची घरं गेली. थोरली लेक शहरातून फोनवर कडाडली, “आई, आता पुरे! विका ते घर आणि दोघंही माझ्याकडे या. इतक्या उंच मजल्यावर कुठला वणवा येतोय?”

“आणि माझी मशीन?”

“अगं, ठेवू की बाल्कनीत!”

बाल्कनीत! टाचणीच्या अंगाचा तिळपापड झाला. बराच वेळ हमरीतुमरी झाली आणि शेवटी तह ठरला. अग्निशमन दलाच्या एक बाई घरं तपासायला यायच्या. हे घर वणव्यापुढे टिकेल असं त्यांनी म्हटलं, तर राहायचं. नाही म्हणाल्या, तर उन्हाळा चढायच्या आत गाशा गुंडाळायचा.

बंबवाल्या बाई आल्या. वयानं थोरलीहून लहान, बूट मात्र सुताराच्या बुटांहून मोठे. घराभोवती फिरल्या, वर पाहिलं, खाली वाकल्या आणि गोड हसून म्हणाल्या, “छान आहे हं, काकू.” मग एक श्वास घेतला. “पण.”

त्या ‘पण’नंतर जे सुरू झालं! पन्हळीत वाळकी पानं. भिंतीला टेकून सरपण. माळ्याचे झरोके सताड उघडे. “वणवा दार वाजवून येत नाही, काकू. ठिणग्या वाऱ्यावर लांबून उडत येतात आणि सापडेल त्या फटीतून आत शिरतात. आधी घर आतून पेटतं, मग बाहेरच्यांना कळतं.”

टाचणीच्या ओठांतून टाचणी गळून पडली. “म्हणजे माझं घर उसवलंय!” ती ओरडली. “मग आधी नाही का सांगायचं? उसवलेलं शिवणं हाच तर माझा धंदा आहे!”

त्या दिवसापासून तिनं घर डोक्यावर घेतलं. सुतार शिडीवर, पन्हळीतली पानं भसाभस खाली. सरपण पार अंगणाच्या टोकाला. भिंतीलगतचं गवत उपटून तिथे खडी पसरली. झरोके तिनं स्वतःकडे घेतले, आणि संध्याकाळच्या आत सगळे बंद करून टाकले. पडद्याच्या उरलेल्या जाड कापडानं. दुहेरी टीप मारून.

बाईंना बोलावलं. बाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं. “छान आहे हं, काकू. काय सुबक शिवण आहे! पण.”

“आता काय?”

“कापड म्हणजे ठिणगीला आयतं ताट वाढल्यासारखं. आणि माळ्याला हवाही हवी. बारीक पोलादी जाळी लावा. हवा जाईल, ठिणगी अडेल.”

टाचणी खट्टू झाली, पण तेवढ्यापुरतीच. पोलादी जाळी आली. तिच्या कडा दुमडून टाचणीनं तारेनं चक्क तुरपाई घातली, आणि प्रत्येक झरोक्याची चौकट सुताराकडून ठोकून घेतली. हातांना ओरखडे, कपाळाला काजळी, आणि चेहरा असा की जणू शाळेला सुट्टी लागलीय.

तेवढ्यात तिला आणखी एक सुचलं. जुनं कापड दुरुस्तीला आलं की ती ते उजेडासमोर धरून बघायची. कुठे विरलंय ते आपोआप दिसतं. घर काही उचलून धरता येत नाही, म्हणून भर दुपारी, टळटळीत उन्हात ती माळ्यावर चढली आणि आतून झडप लावून घेतली.

अगं बाई! झरोक्यांच्या जाळीतून पीठ चाळल्यासारखा मऊ उजेड येत होता, तो ठीक. पण कौलांखाली, वाशांच्या टोकांशी, धुराड्याच्या बगलेला नुसती चाळणी! टाचण्या तोंडात, त्यामुळे हुकूम असे सुटले:

“अऽऽ! इऽऽ! धुऽऽच्या बाऽऽला!”

बाहेर शिडीवरून, थापीत सिमेंट घेतलेल्या सुताराचा आवाज: “हं.”

उजेडाचा एकेक ठिपका विझत गेला. शेवटी एकच उरला, आणि तो विझायचा, पेटायचा, विझायचा. टाचणीनं टाचण्या हातात घेतल्या. “अहो! हे भोक मला डोळा मारतंय!”

“हं,” भोक म्हणालं. नवराच त्यातून आत डोकावत होता.

“म्हातारपणी हे चाळे! बुजवा आधी ते!”

तिसऱ्यांदा बाई आल्या. पन्हळ पाहिली, झरोके पाहिले, धुराड्याभोवती हात फिरवला. “छान आहे हं, काकू. खरंच छान.” टाचणी उड्या मारायच्या बेतात. “पण.”

बोट कुंपणाकडे. जंगलाच्या कडेपासून निघून थेट स्वयंपाकघराच्या भिंतीला येऊन टेकणारं लाकडी कुंपण. थोरली जन्मली त्या वर्षी सुतारानं उभारलेलं, प्रत्येक फळीच्या डोक्यावर कोरीव पान. “काका, ही नुसती वात आहे. तिकडे पेटली की आग चालत भिंतीपर्यंत येईल. भिंतीलगतचा तुकडा कापा आणि तिथे लोखंडी फाटक लावा. तेवढं झालं की माझा होकार.”

“हंऽऽऽऽ.” इतका लांब ‘हं’ त्या घरात कुणी ऐकला नव्हता. सुतार आत निघून गेला.

फोनवर थोरली म्हणाली, “झालं तर मग. बांधा सामान.”

रात्रीच्या जेवणाला टाचणी एवढंच बोलली, “कुंपण तुमचं. मी हात लावायची नाही. फक्त एक सांगा, मशीन बाल्कनीत ठेवली तर तुमचा रंधा कुठे ठेवायचा? फ्रिजवर?”

सकाळी करवतीच्या आवाजानं तिला जाग आली. धावत बाहेर आली, तर फळ्यांवर खडूची सरळ रेघ आणि रेघेवर करवत.

“अहो, तो माझा कापड बेतायचा खडू!”

“हं,” सुतार म्हणाला. आखूड.

फाटक बसलं आणि बाई शेवटची फेरी मारायला येणार, त्याआधीच टेकडी पेटली. दलाच्या गाड्यांनी सगळ्यांना शाळेत हलवलं. टाचणीनं मशीनचं डोकं मांडीवर घेतलं होतं, बाळासारखं, आणि सुतारानं रंधा. दोघांचाही जीव टांगणीला. थोरली धापा टाकत तिथेच येऊन पोचली, रागवायचं विसरून आईला बिलगली.

दुसऱ्या दिवशी परत जायची परवानगी मिळाली. वळणावरून छप्पर दिसलं आणि टाचणी पळतच सुटली. घर उभं होतं! खडीवर विझलेले कोळसे पसरलेले. झरोक्यांच्या जाळीला बाहेरून काळे कण चिकटलेले, आतला माळा स्वच्छ. आणि कुंपण? जंगलापासून फळीमागून फळी जळत आग आली होती, लोखंडी फाटकापर्यंत. तिथे पुढे खायला काही नव्हतं. भिंतीवर नुसता धुराचा डाग.

बंबवाल्या बाई आल्या, काजळीनं माखलेल्या. घराभोवती सावकाश फिरल्या. वर पाहिलं, खाली वाकल्या. “छान आहे हं, काकू.”

तिघांनी श्वास रोखले. बाईंनी हातमोजे काढून खिशात खुपसले. थोरलीलाच राहवेना. “पण?”

“पण काय? छान आहे,” बाई म्हणाल्या, आणि खडीवरच फतकल मारून बसल्या.

सुतार फाटकाशी उभा होता. त्यानं जळलेल्या कुंपणाकडे पाहिलं, मग घराकडे, मग बायकोकडे. “हं!” वर चढत, गिरकी घेत, अगदी तस्साच.

टाचणी लाजून लाल.

“आई, हा कुठला नवीन ‘हं’?” थोरली डोळे बारीक करून म्हणाली.

टाचणीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग विचार बदलला आणि ओठांत चार टाचण्या खोचल्या.