उन्हाळीचं पान

शेजारच्या मावशी दिसेल त्या झुडपाचं पान टोकाला धरून ओढायच्या आणि "हे नोय" म्हणून टाकून द्यायच्या. तापानं सुजलेल्या पांथरीवर, म्हणजे प्लीहेवर, औषध म्हणून चालणाऱ्या उन्हाळीचं पान तेवढं बाणाच्या शेपटासारखं तुटतं.

सातासमुद्रापलीकडं लढाई पेटली, आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तेल्हाऱ्याकडचं रान तुटलं. धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची, उन्हाळी कापसापायी मावशींनी स्वतःच्या हातानं खुरपून काढली. पुढच्याच हिवाळ्यात मावशींच्या नवऱ्याची, काकांची, पांथरी तापानं सुजली. उन्हाळी शोधूनही मिळाली नाही. ते गेले, तरी मावशींचं पानं ओढणं सुटलं नाही.

एकदा वेचणीत त्यांच्या हातात पान बाणासारखं तुटलं. त्यांनी भोवतालचा बोंडांनी लगडलेला कापूस उपटायला घेतला.

"मावशी, हे काय करून राहिल्या?" मी ओरडले.

"तिले जागा करून राहिली," त्या म्हणाल्या. "तवा ठेवली नोती."