रानात धाडलेल्याला कळवलं कोणी?

आमच्या रविवारच्या वाचनाला तीनच माणसं. प्रभादेवीला माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे सर, नागपाड्याहून येणारे मास्तर आणि मी, परळच्या शाळेतून निवृत्त झालेली फटकळ बाई. सर बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज अलिबागकडे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मास्तर कोकणी मुसलमान, जन्मभर उर्दू शाळेत शिकवलेले. मी मालवणकडची. धर्म तीन, पण बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं हवीतच, यावर एकमत.

सर बँकेतली नोकरी सांभाळून हिब्रू शास्त्र शिकले होते. त्यांच्या पद्धतीचा मला आधी वैताग यायचा. एक ओळ वाचायची, मराठीत सांगायची आणि थांबायचं. मग त्या ओळीवरून जुने पंडित कसे भांडले ते सांगायचं. वादात जो हरला त्याचंही म्हणणं पानावर तसंच ठेवलेलं. "हरलेलं मत खोडायचं नाही, बाई," सर म्हणायचे. "उद्या कुणाला तरी तेच लागेल."

"म्हणजे तुमच्यात निकाल कधी लागतच नाही," मी म्हणायचे. त्यावर ते हसायचे. कधी मलिदा केलेला असला तर बशी पुढे सरकवायचे. पोहे, खोबरं, वेलची सगळं बेताचं, पण बायको गेल्यापासून गूळ मात्र हटकून जास्त व्हायचा.

सर आणि मास्तर दोघेही ज्याला आपला आदिपिता मानतात, त्याच्या गोष्टीत आम्ही बरेच दिवस अडकलो होतो. त्याला दोन मुलगे. एक घरात वाढला. दुसऱ्याला त्याच्या आईसकट भाकरी-पाणी देऊन रानात धाडलं. पुढे म्हातारा गेला, तेव्हा दोघांनी मिळून त्याला पुरलं.

"सर," मास्तर म्हणाले, "रानात धाडलेल्याला बाप गेल्याचं कळवलं कोणी?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "शास्त्रात तर नाही. पंडितांपैकी कुणी विचारलेलंही आठवत नाही. शोधतो." त्या दिवशी स्वारी इतकी खूश की मास्तरांना सोडायला थेट बसस्टॉपपर्यंत गेली.

मग सरांचा मुलगा जाऊन राहिला होता त्या ज्यूंच्या देशात युद्ध पेटलं. सरांचा नातू तिकडच्या सैन्यात. वाचता वाचता ते फोनकडे बघायचे. मास्तर त्या सैन्याच्या बॉम्बखाली मेलेल्या मुलांचे व्हिडिओ बघून यायचे. एका रविवारी त्यांनी विचारलं, "सर, त्या मुलांबद्दल शास्त्र काय म्हणतं?" आवाज जराही चढलेला नव्हता.

"हा विषय माझ्या घरात नको," सर म्हणाले.

मास्तरांनी टोपी उचलली, "बरं" म्हणाले आणि जिना उतरले. मला दोघांचाही राग आला, पण सरांचा जास्त. हरलेलं मत खोडू नये असं शिकवणाऱ्यानं हे बोलावं!

पुढच्या रविवारी सर वाचता वाचता मध्येच थांबले. "इथे मास्तर म्हणाले असते..." असं म्हणून त्यांनी मास्तरांची हरकत मांडली, तीही अशी की स्वतःलाच उत्तर सुचेना. नंतर दर रविवारी तेच. एकदा तर त्या मुलांबद्दलही ते मास्तरांच्या बाजूने स्वतःशी भांडले.

"हे मला काय ऐकवता? त्यांना फोन करा," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाने करू, बाई?"

मी नागपाड्याला जाऊन आले. मास्तर म्हणाले, "घर त्यांचं आहे. त्यांनी बोलवावं, मी धावत येईन." सत्तरी ओलांडलेली माणसं आणि रुसवे शाळकरी पोरांचे. माझी चिडचिड फुकट गेली.

सर आजारी पडले. परळच्या इस्पितळात मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मास्तरांचा प्रश्न राहिला." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

त्यांच्यात मयत ठेवत नाहीत. दुपारीच दफन ठरलं. विमानं बंद, त्यामुळे मुलाला तिकडून येता येईना. सगळी धावपळ ठाण्याच्या पुतण्यावर. मी मास्तरांना फोन केला. त्यांनी दफनाची वेळ विचारली. मग म्हणाले, "निघालो."

युद्धापासून दफनभूमीच्या फाटकावर सिक्युरिटी बसवलेली. आम्ही दोघांनी आधार कार्डं काढली. माझं त्यानं धड पाहिलंही नाही. मास्तरांचं नाव मात्र वाचलं. "चाचा, तुम्ही जरा थांबा, आत विचारून येतो. ताई, तुम्ही जा."

"अरे, ते मित्र आहेत त्यांचे!"

"ऑर्डर आहे, ताई."

"जा बाई," मास्तर म्हणाले. "कुणीतरी असायला हवं."

आत पुतण्याला गाठून मी म्हटलं, "मास्तर बाहेर उभे आहेत." त्याच्या हातातल्या मोबाईलवर सरांचा मुलगा रडत होता. "कोण मास्तर? काकू, प्लीज, आत्ता नको." प्रार्थना झाली. माती लोटताना मी एक मूठ माझी टाकली आणि एक मास्तरांची.

निघताना सगळे नळावर हात धुवत होते. मी धुतले नाहीत. मास्तर फाटकाची सळी धरून उभे होते, टोपी नीट घातलेली. मी मातीचा हात तसाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सोडला नाही.

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं," मी कसंबसं म्हटलं. "मी कळवलं."

"हो," मास्तर म्हणाले. "पण बाई, त्याला आत घेतलं कोणी?"