ढग खाली आला तेव्हा

आफ्रिकेत ज्वालामुखी फुटला आणि चंदीगडमध्ये माझं जेवण बंद झालं, असं सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे! माझं कामच ते. राख किती उंच गेली आणि तिथला वारा कुठे वाहतोय हे कॉम्प्युटरला सांगायचं, मग ढग कुठे पोचेल ते नकाशावर बघायचं. ही राख इंजिनात गेली की वितळून आत चिकटते आणि इंजिन बंद पडू शकतं. माझी थोरली बहीण विमानात हवाई सुंदरी. त्या दिवशी ती मस्कतहून दिल्लीला येणार होती.

सकाळच्या नकाशात ढग विमानांच्या बराच वरून चालला होता. आमच्या सरांनी तो नकाशा विमानांना इशारे देणाऱ्या कचेरीला पाठवूनही दिला. "टेन्शन मत लो जी," मला म्हणाले. पण घरून, खरड गावाहून, आणलेला डबा उघडला तरी घास उतरेना. आकडे पुन्हा पाहिले आणि चूक दिसली. उपग्रहावरून कळलेली राखेची उंची समुद्रसपाटीपासूनची होती. आमचं कॉम्प्युटरमधलं मॉडेल ती ज्वालामुखीच्या तोंडापासून धरतं. म्हणजे आम्ही अख्खा डोंगर दोनदा मोजला होता! डोंगर वजा करून मॉडेल पुन्हा चालवलं. ढग खाली आला, थेट विमानांच्या उंचीवर.

सरांनी कचेरीला फोन लावला, मी ताईला.

"ताई, आजारी आहे म्हणून सांग. पाया पडते तुझ्या, आज जाऊ नकोस."

"अगं येडे, विमानतळावर पोचलेय मी. कॅप्टनला सांगते ना."

"कॅप्टन गेला खड्ड्यात! तू हॉटेलवर परत जा."

ती म्हणाली, "माझ्या जागी दुसरी पोरगी जाईल. तिच्या बहिणीला कोण फोन करणार?"

फोन कट. इतका राग आला तिचा, की रडूच फुटलं.

तिकडे सर फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. "पूछ रहे हैं, नीचे से निकालें क्या. इस बार पक्का है?"

आमच्या कामात पक्कं असं काही नसतं. फार तर शक्यता सांगायची. "पक्का," मी म्हणाले, आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले.

विमानं ढगाच्या खालून काढली. ताईचंही त्यातच होतं. उतरल्याचा तिचा फोन येईपर्यंत मला तो नकाशा उघडायचा धीर झाला नाही.