सरळ तार वाकडी दिसू लागली तेव्हा

चौकटी आखलेला कागद समोर धरून मॅडम म्हणाल्या, "डावा डोळा झाका. मधल्या ठिपक्याकडे बघा. रेषा कशा दिसतात?"

"मॅडम, तुमचा कागदच चुरगळलाय."

"कागद सरळ आहे, नाना."

जळगावच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात कळलं, माझ्या उजव्या डोळ्याला 'डायबेटिक मॅक्युलर एडिमा' झालाय. म्हणजे साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मधोमध पाणी साचून सूज येते.

आजार सुरू झाला होता धुळ्याला, माझ्या टेबलावर. मी निवृत्त फिटर. छोट्या विमानांची मॉडेलं जोडायचा मला नाद. बारीक काम घरातल्याच वस्तूंनी करतो. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून पायलटच्या सीटचे पट्टे होतात, उदबत्तीच्या काडीची बंदुकीची नळी होते. रेडिओची तार म्हणून बायकोच्या जुन्या साडीचा धागा विमानाच्या पाठीपासून शेपटीपर्यंत ताणून चिकटवायचा.

सरळपणा बघायला डावा डोळा मिटायची माझी जुनी सवय. तसं बघितलं तर तार मध्येच पोक आल्यासारखी! उपटली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. डिंकाला शिव्या दिल्या, धाग्याला दिल्या. ही शेजारी भाजी निवडत होती. म्हणाली, "तार नीट शे. तुमना डोयाच दखाडा."

मी खेकसलो, "डोळा कशाला दाखवू? सरळ-वाकडं बघण्यात जन्म गेला माझा, मला शिकवू नको!"

असं सहा महिने चाललं. ही सांगायची, मी खेकसायचो. शेवटी डावा डोळा मिटला की दुकानांच्या पाट्यांवरची मधली अक्षरं गायब व्हायला लागली, तेव्हा कुठे घाबरलो.

'ओसीटी' केली. म्हणजे यंत्राने काढलेला पडद्याच्या थरांचा फोटो, दुखत बिखत नाही. मग दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. ऐकूनच माझी गाळण उडाली होती. पण थेंब टाकून डोळा बधिर करतात, नुसता दाब जाणवतो. खरं जड जातं ते बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघणं.

पहिल्या इंजेक्शनाआधी मॅडम म्हणाल्या, "सूज उतरेल. पण उशीर झालाय, गेलेली नजर सगळी परत येईल असं सांगत नाही. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी मान खाली घातली. ही पटकन म्हणाली, "नाही मॅडम, माझ्याही नाही आलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माझी लाज राखायला तिने दोष स्वतःवर घेतला होता, आणि मी गप्प बसलो.

तुम्हाला साखर असेल तर नजर चांगली वाटत असली तरी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. आणि घरचं माणूस काही सांगत असेल तर ऐका हो.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर रेषा बऱ्याच सरळ झाल्या. मधलं पुसट राहिलं ते राहिलंच. त्या दिवशी मी मन घट्ट करून म्हणालो, "मॅडम, हिने सहा महिने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. माझा ताठा नडला."

ही खाली बघून पिशवीचा बंद चाचपत राहिली. डाव्या डोळ्याच्या तपासणीची तारीख मॅडमनी लिहिली आणि चिठ्ठी हिच्या हातात दिली.