तांबड्याच्या गळ्यातलं लोढणं

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अप्पा तिला घेऊन नांदेडला माझ्याकडे आले, तेव्हा माझ्या दोन खोल्यांत मांजराची दोन पिल्लं आधीच राहत होती. करडी मला शाळेच्या जिन्याखाली सापडली होती. ती इतकी लहान होती की मी तिला ओढणीत गुंडाळून शिक्षकांच्या खोलीत आणली आणि दोन तास विज्ञान शिकवून पुन्हा ओढणीतच घरी नेली. तांबडा तिच्याहून थोडा मोठा. घरमालकांच्या गच्चीवर जन्मलेला हा बोका एक दिवस जिना उतरून आला, करडीच्या बशीतलं दूध प्यायला आणि राहिलाच.

अप्पांना हे सगळंच नवीन होतं. चाकूरकडच्या आमच्या गावात मांजर असतं ते धान्य राखायला. त्याला कुणी पलंगावर घेत नाही. तरी पहिल्या संध्याकाळी करडी त्यांच्या धोतराच्या घोळात झोपली, तेव्हा ते बराच वेळ पाय न हलवता बसले होते.

आईचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे परतत होते. बाहेरच्या खोलीतून धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ अप्पांचा.

"हाड! हाड! अगं बाई, हा बोका मारायलाय की तिला!"

मी धावले. करडी उताणी पडली होती. तांबड्यानं तिचं नरडं तोंडात धरलं होतं आणि ती मागच्या दोन्ही पायांनी त्याच्या पोटावर लाथा झाडत होती. अप्पांनी हातातला पाण्याचा तांब्याच त्याच्यावर ओतला. तांबडा कपाटावर, करडी पलंगाखाली.

"अप्पा, खेळायलेत ते."

"खेळ? नरडं धरून खेळतेत का?"

त्यांच्या भीतीला कारण होतं. मी लहान असताना आमच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गुरं बांधायच्या आणि अवजारं ठेवायच्या छपरात, कडब्याच्या गंजीत एक मांजर व्याली होती. एका सकाळी अप्पांना तिची पिल्लं मेलेली दिसली. रानातल्या बोक्यानं मारली होती. त्या दिवशी अप्पांनी दुपारची भाकरी तशीच परत पाठवली, एवढं मला आठवतं. आता करडीकडे बघताना त्यांना तेच दिसत असणार.

मी मोबाईलवर वाचलेलं सगळं त्यांना समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं. खेळात नखं आत असतात, कान मागं चिकटवलेले नसतात, किंचाळणं नसतं. एकदा एक वर, एकदा दुसरा. अप्पांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. शहाण्या पोरीचं बोलणं मधेच तोडायचं नाही, हा त्यांचा नियम आहे.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पर मांजरानं वाचलंय का हे?"

पलंगावर काळा चष्मा लावून पडलेली आई म्हणाली, "अवो, हसवू नका. डोळ्याला ताण पडतोय."

खरं सांगायचं तर माझीही खात्री नव्हती. वाचलेलं सगळं पाठ होतं, पण ती दोघं एकमेकांत गुंतली की करडा-तांबडा एकच गोळा व्हायचा. त्यात नखं कुठली आणि कान कुठले, काही कळायचं नाही. आणि दोन दिवसांनी करडीच्या नाकावर एक बारीक ओरखडा दिसला.

अप्पांनी ओरखड्याला हळद लावली आणि निर्णय सांगितला. रविवारी ते आईला माझ्याकडे ठेवून गावी परत जाणार होते, तेव्हा तांबड्याला पिशवीतून घेऊन जातील. आखाड्यावर उंदीर भरपूर. आखाड्यावर दोन कुत्रीही आहेत, हे ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मी, घराण्यातली पहिली मुलगी, गावाबाहेर शिकायला निघाले, तेव्हा भावकीतला एकेक माणूस येऊन त्यांना पाठवू नका म्हणून समजावून गेला होता, आणि तरी याच माणसानं माझी पेटी खांद्यावर घेऊन मला लातूरच्या वसतिगृहात सोडलं होतं. त्यांना नाही कसं म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

"रविवारपर्यंत तर बघू, अप्पा," एवढंच म्हणाले.

"बघू की. पर तवर त्याला लोढणं घालतो."

मला वाटलं, थट्टा करतायत. आमच्याकडे एखादं जनावर उधळायला लागलं, दुसऱ्याच्या पिकात घुसायला लागलं, की त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका लटकवतात. पळायला गेलं की तो गुडघ्यावर आदळतो आणि जनावर आपोआप चालीवर येतं. पण अप्पांनी खरोखरच आईच्या जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडली, तिच्यात दोऱ्याचं रिकामं रीळ ओवलं आणि तांबड्याच्या गळ्यात सैल बांधलं. नांदेड शहरात लोढणं घातलेला बोका तेवढा एकच असेल.

तांबडा आधी उलटा चालला. आपण मागं सरकलो की ते रीळ पुढं राहील, असं त्याला वाटत असावं. मग जाऊन पलंगाखाली बसला.

"बघ, कसा सरळ आला," अप्पा म्हणाले.

दुपारी करडी उठली. पाठीची कमान करून, आडवी-आडवी चालत ती तांबड्याजवळ गेली, त्याच्या शेपटीवर एक चापट मारली आणि स्वयंपाकघराकडे पळाली. उंबऱ्याशी थांबली. मागं वळून बघितलं. तांबडा दोन उड्या मारून आला, रीळ पायात आलं, तो तिथंच बसला. करडी परत आली. त्याच्या समोर आपणहून आडवी झाली, पोट वर केलं, पंजे हवेत धरले आणि वाट बघत राहिली. तो आला नाही. मग ती उठून त्याच्याभोवती फिरत म्याव म्याव करायला लागली. थांबेचना.

"ही का रडायली?" आईनं विचारलं. काळ्या चष्म्याआडून तिला धड काही दिसत नव्हतं.

"बोका गप हाय आता, तरी रडायली," अप्पा म्हणाले.

आई जरा वेळ ऐकत राहिली. "मी चार दिस झाले नुसती ऐकायली. धबाधबा चाललं होतं तवा हिचा आवाज एकदा बी आला न्हाई. मला वाटलं, तुम्हीच उगं वरडायलाव."

अप्पा खाली बसले. करडी तेवढ्यात पुन्हा तांबड्यापुढं उताणी झाली होती.

"आपणच पडती की ही," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, त्यानं पाडली."

त्यांनी तांबड्याला मांडीवर घेतलं आणि पट्टीची गाठ सोडली. गाठ दातानं सोडावी लागली, इतकी पक्की होती. तांबडा सुटला तसा सरळ करडीच्या अंगावर गेला. अप्पांचा हात तांब्याकडे गेला, पण तांब्या उचलला नाही. ते गुडघ्यावर हात ठेवून टक लावून बघत होते, जत्रेत कुस्ती बघतात तसे.

"आता हा वर... आता ही वर. बघ, तिनं कान धरला, हा सोडवून घेईना." एकदा करडी चीं करून ओरडली. तांबड्यानं लगेच तोंड उघडलं, बाजूला होऊन पंजा चाटत बसला. करडी दोन पावलं गेली, वळली आणि त्याच्या पाठीवर पडली.

"सोडलं बघ त्यानं," अप्पा म्हणाले. "गोऱ्हे बी असंच टकरा घेतेत. चुकून शिंग लागतंय कधी."

"मग नाकावरचं तेच असंल," आई म्हणाली.

पण रविवारचं काय, ते कुणी काढलं नाही. मी विचारायला घाबरत होते.

रविवारी सकाळी अप्पांनी आंघोळ केली, आम्हा लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा केली, वाटेत खायला दशम्या बांधून घेतल्या. ते दारात वहाणा घालत होते, तेव्हा आईनंच विचारलं, "त्याला न्यायचं होतं नव्हं?"

आत पलंगावर दोघं अप्पांच्याच पांघरुणात घुसून एकमेकांना लाथा मारत होते. पांघरूण नुसतं उसळत होतं. अप्पांनी तिकडं बघितलं.

"ह्याला नेलं तर ती कुणाला बोलवील?" ते म्हणाले. मग मला म्हणाले, "हळद संपवू नको घरातली. आन् त्यांनला वेगवेगळ्या बशीत दूध देत जा. खेळ येगळा, खाणं येगळं."

पांघरुणाची घडी करायला ते परत वळले होते. उसळणारं पांघरूण बघून तसंच राहू दिलं आणि जिना उतरले.