तीन चांगल्या सडांचं दूध

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि त्याच आठवड्यात आमच्या थोरल्या गाईला दगडी झाली. दगडी म्हणजे कासेत जंतू शिरून येणारी सूज. मागचं डावं सड गरम, कडक. धार काढली की दुधात दह्यासारख्या गाठी. जनावरांच्या डॉक्टरांनी त्या सडात औषधाची ट्यूब सोडली आणि बजावलं, मी सांगेपर्यंत हिचं दूध वापरू नका.

बायकोनं ते ऐकलं, पण तिच्या पद्धतीनं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर उरलेली तीन सडं पिळून फेसाळता पेला तिनं मुलीच्या हातात दिलेला. धारोष्ण दुधानं बाळ गुटगुटीत होतं, हा तिच्या माहेरचा, देवळालीचा सिद्धांत.

"अगं, डॉक्टर काय म्हणाले?"

"डेअरीला घालू नका म्हणले. तिथं मशीन हाय, पकडत्यात. आपल्या घरात कुठं मशीन हाय?"

"आणि ते औषध?"

"ते एका सडात सोडलंय. हे बाकीच्या तिन्हींचं हाय. तुमी लई हिशेबाचे ना? चारातनं एक गेलं, किती राह्यली?"

हिशेब बिनचूक होता; फक्त गाय एकच होती. चारी सडांना रक्त एकच, असं मी म्हणालो.

"तुमी कवापास्नं गुरांचे डॉक्टर झालाय?"

मुलगी पेला धरून आळीपाळीनं आम्हा दोघांकडं बघत होती. तिला म्हटलं, ओठाला लावू नकोस. डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला.

"वहिनी, औषध चारी सडांत उतरतं," डॉक्टर म्हणाले. "आणि पोटुशी बाईला कच्चं दूध कुठल्याच गाईचं नको. चांगल्या दिसणाऱ्या सडातही जंतू असतात."

"मग उकळून देते की!"

"उकळून जंतू मरतील. औषध तसंच राहील."

बायकोनं फोनकडं असं पाहिलं की डॉक्टर समोर असते तर चहाला मुकले असते. "तुमच्याच पार्टीचा हाय," ती मला म्हणाली. पण मुलीच्या हातातला पेला तिनंच काढून घेतला, दूध गोठ्यामागच्या शेणाच्या खड्ड्यात ओतलं आणि धाकट्या गाईचं दूध गॅसवर चढवलं. ते चांगलं खळखळलं तरी ती गॅस बंद करेना.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. सुनेला रोज धारोष्ण दूध देता ना, असं त्यांनी विचारलं असावं.

"छे हो," बायको ठणकावून म्हणाली, "आमच्यात पोटुशीला कच्चं दूध देतच न्हाईत. पहिल्यापास्नं."

दूध पिता पिता मुलीला जोराचा ठसका लागला. बायकोनं फोनवर हात ठेवला आणि मला दटावलं, "हसताय काय? पाठ चोळा तिची."