सांगलीला गेलेली अक्कल

आम्ही जुळ्या बहिणी. मी वडूजला आईवडिलांकडे वाढले. दुसरी तान्ही असतानाच सांगलीच्या मावशीने ओटीत घेतली, कारण मावशीला मूल नव्हतं आणि आमच्याकडे त्या वर्षी पाऊस नव्हता. ती शाळेत गेली. मी दुसरीतूनच घरी बसले, आणि माझ्या हातून काही सांडलं की दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, "समदी अक्कल सांगलीला गेली." मला ते अगदी खरं वाटायचं. न पाहिलेल्या त्या बहिणीवर मी मनातून जळायचे.

एकोणीसशे चाळीसनंतरची गोष्ट; आम्ही दहाएक वर्षांच्या असू. मावशीच्या शेजारी शिक्षकांना शिकवणारे एक प्राध्यापक राहत. त्यांना मुलांची बुद्धी मोजायचा नाद होता. खेड्यातली पोरं मागे पडतात ती रक्तामुळे, हे त्यांचं ठाम मत. वेगवेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्या म्हटल्यावर त्यांनी मला बोलावून घ्यायचा मावशीकडे लकडाच लावला. मावशी म्हणाली, वडूजची पोरगी हुशार निघाली तर तिलाही ठेवून घेते, शाळेत घालते. दादा कबूल झाले आणि मला घेऊन सांगलीला निघाले. मी हुशार निघणार नाही याची त्यांना खात्री होती.

मावशीच्या उंबऱ्यात माझंच तोंड उभं होतं. मी वेणी पुढे ओढून चावायला घेतली, तर तिच्या दातांत तिची वेणी आधीच होती. जळणं कुठल्या कुठे गेलं. मी नुसती बघतच राहिले.

प्राध्यापकांनी आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं. रंगीत लाकडी ठोकळे चित्राप्रमाणे मांडायचे होते. आम्ही दोघींनी ते डाव्या हाताने, जीभ बाहेर काढून, एकाच चालीने मांडले, असं ते मागून मावशीला पुन्हापुन्हा सांगत होते. मग एका बाईचं चित्र होतं, त्यात काय राहिलंय ते सांगायचं. राहिला होता कान. मी म्हणाले, कुंकू. पलीकडे तीही कुंकूच म्हणाली होती.

"चूकसुद्धा एकच," प्राध्यापक म्हणाले. "हे रक्त बोलतंय."

मलाही ते देवाघरचं नवल वाटलं. पण माणूस प्रामाणिक. खात्री करायला त्यांनी समोरच्या सोनाराची मुलगी बोलावली. ती म्हणाली, कुंकू. शेवटी चहा घेऊन आलेल्या स्वतःच्या बायकोपुढे त्यांनी चित्र धरलं. कुंकू लावायचं राहिलंय हिचं, त्या म्हणाल्या, आणि कान काय, पदराखाली असेल. प्राध्यापक चित्र उलटसुलट करून बघत राहिले. चहा निवला.

उरलं होतं वाचन. बहीण घडाघडा वाचत गेली. मी जोडाक्षरांत अडकले आणि रडकुंडीला आले. दादा पटका सारखा करत उठले, गाडीची वेळ झाली म्हणाले. मी त्यांच्यामागे चालू लागले, तेवढ्यात ते दारात थांबले.

"आवं मास्तर, खरं सांगा. हिच्यात कमी काय हाय?"

प्राध्यापकांनी हातातल्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शाळा," ते म्हणाले.

दादांनी काखेतलं माझं गाठोडं मावशीच्या हातात दिलं आणि एकटेच स्टेशनकडे गेले.